द्राक्षनिर्यात : धाडस आणि व्यवस्था

ठाण्याच्या वर्तकनगरातील गिऱ्हाईक द्राक्षाचा मणी चाखून पाहते व मगच पैसे देते. विलायतेतील व्यापारी मात्र सागरी प्रवासानंतर पेटी उघडून निकाल देतो. १९९१ मध्ये महाराष्ट्रातील द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी राज्य कृषी पणन मंडळाच्या साहाय्याने ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था स्थापन केली, तेव्हा धाडसाची उणीव नव्हती. तरीही आरंभीचा बराच माल परदेशी नापसंत ठरला. संस्थांपाशी पूर्वशीतकरणाची व शीतगृहांची सोय झाली, बागाईतदारांस निर्यातीच्या दर्जाचे शिक्षण मिळाले, तसा व्यापार स्थिरावला. घड तोडल्यापासून काही तासांतच सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावा लागतो. लहान बागाईतदारास एकट्याने हे झेपत नाही. प्रतवारी करताना शेजाऱ्याची पेटी बाजूस काढणे मात्र, आमच्या मते, यंत्रखरेदीहून अवघड आहे.