शिडाच्या होडीला शिडी: पाण्यातून परत वर येण्याचं विज्ञान

तुमच्यापैकी काही जण सागरी विज्ञान, मत्स्यविज्ञान किंवा खाडीच्या परिसंस्थेवर संशोधन करायच्या तयारीत आहेत. पाण्याचे नमुने घ्यायला लहान होडीतून जावं लागतं, आणि काही जण हौस म्हणून शिडाची होडीही शिकतात. लाइफ जॅकेट घालायला सगळे सांगतात. पण पाण्यात पडल्यावर परत होडीत कसं चढायचं, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. आज तोच प्रश्न घेऊ, कारण त्यात शाळेतलं भौतिकशास्त्र तर आहेच, शिवाय संशोधनाचा प्रश्न नीट कसा मांडावा हेही त्यातून कळतं.

आधी बघू, चढणं इतकं अवघड का?

पोहण्याच्या तलावात आपण काठाला हात टेकून सहज वर येतो. मग होडीचा काठ पाण्यापासून ५०-६० सेंटीमीटर वर असला तर काय बिघडलं? बरंच बिघडतं.

पहिलं कारण उत्प्लावन. पाण्यात तुमचं वजन जवळजवळ पाणीच पेलत असतं. शरीराचा जेवढा भाग बाहेर येतो तेवढा हा आधार कमी होतो. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भरतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला कंबर काठापर्यंत आणायची, तर सुमारे ४७ किलो फक्त हातांच्या जोरावर उचलावे लागतात. कपड्यांत भरलेलं पाणी पाण्यात असताना जाणवत नाही, पण बाहेर आल्यावर तेही उचलावं लागतं. समजा ते ५ लिटर आहे, तर झाले ५२ किलो. त्यात लाइफ जॅकेट पुढून फुगलेलं, ते काठाला अडतं.

दुसरं कारण पाय. तलावाची भिंत सरळ खाली जाते, त्यामुळे पाय तिला लावून रेटा देता येतो. होडीचा तळ आत वळलेला असतो. तुम्ही काठ ओढता आणि पाय होडीखाली सरकतात. शरीर आडवं होतं, जोर वाया जातो.

तिसरं कारण वेळ. फ्रँक गोल्डन आणि मायकेल टिप्टन यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं यावर बराच अभ्यास केला आहे. थंड पाण्यात हातापायांचे स्नायू आणि नसा आधी गार पडतात. शरीराचं आतलं तापमान धोकादायक पातळीवर यायच्या कितीतरी आधी बोटांची पकड सुटू लागते. आपल्या अरबी समुद्राचं पाणी उबदार, त्यामुळे हा परिणाम इथे तितका तीव्र नसतो. पण दमणूक सगळीकडे असते. पहिला प्रयत्न फसला की दुसरा आणखी कमजोर होतो.

मग शिडी नेमकं काय करते?

शिडी काम हातांकडून काढून मांड्यांना देते. जिना आपण रोज चढतो तो त्याच स्नायूंनी. पण त्यासाठी सर्वांत खालची पायरी पाण्यात पुरेशी खोल हवी. पायरी पाण्याच्या पातळीलगतच असेल तर गुडघा छातीपर्यंत आणावा लागेल, आणि तरंगणाऱ्या माणसाला ते जमत नाही. साधारण अर्धा मीटर खाली, म्हणजे निदान दोन पायऱ्या पाण्यात, हे धरून चाला.

दोरीची शिडी स्वस्त आणि घडी होणारी. पण तिच्यावर पाय ठेवला की ती होडीखाली झुलते आणि पायाची तीच अडचण परत येते. म्हणून लहान होडीच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट भिंतीवर, स्टेनलेस स्टीलची घडीची शिडी बसवतात. सुकाणू मध्ये असेल तर शिडी एका बाजूला, आणि इंजिन असेल तर त्याच्या पंख्यापासून लांब.

बोल्टवर किती ताण येतो?

आता छोटं गणित. ७० किलो म्हणजे सुमारे ७०० न्यूटन. समजा तुमचं वजन भिंतीपासून ३० सेंटीमीटर बाहेर आहे आणि वरचे बोल्ट खालच्या टेकूपासून १५ सेंटीमीटरवर आहेत. टॉर्क समान मांडा: ७०० × ३० ÷ १५ = १४०० न्यूटन. म्हणजे वरचे बोल्ट तुमच्या वजनाच्या दुप्पट जोराने बाहेर ओढले जातात, आणि लाटेचा झटका वेगळाच. तोच टेकू आणखी खाली नेऊन अंतर ४५ सेंटीमीटर केलं, तर ओढ ४६७ न्यूटनवर येते. शिडी तीच, माणूस तोच, फक्त टेकू खाली घेतला.

म्हणून इथे साधे स्क्रू चालत नाहीत. बोल्ट आरपार हवेत, आतून ताण पसरवणारी पट्टी हवी, आणि भोकं सीलंटने बंद करायला हवीत. ट्रान्समच्या आत लाकूड असेल तर भोकातून झिरपलेल्या पाण्याने ते कुजतं, आणि मजबूत बोल्टही पोकळ जागी बसल्यासारखा होतो.

संशोधकासाठी यात काय?

‘होडीला शिडी आहे का?’ हा प्रश्न यादीत खूण करायला सोपा. पण आपल्याला खरं तर हे जाणून घ्यायचंय: पाण्यात पडलेला माणूस, होडीत दुसरं कुणी नसताना, ती शिडी उघडून वर येऊ शकतो का? वर बांधून ठेवलेली, गाठ फक्त होडीतूनच सुटणारी शिडी पहिल्या प्रश्नात पास होते आणि दुसऱ्यात नापास. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशातही नेमकं हेच आहे: परत चढण्याचं साधन पाण्यातल्या माणसाला कुणाच्या मदतीशिवाय वापरता आलं पाहिजे. आपण जे मोजतो ते आपल्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं का, यालाच संशोधनाच्या भाषेत वैधता म्हणतात. मुलाखतीत व्याख्या विचारली तर हे उदाहरण सांगा.

तुमच्या विभागाची नमुने घेणारी होडी असेल तर ही चाचणी करून बघा. शांत, उथळ पाणी, काठावर आणि होडीत जाणती माणसं, इंजिन बंद. नेहमीचे कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरा.

१. शिडी उघडायची दोरी पाण्यातून हाताला लागते का?
२. ती एका हाताने ओढून शिडी खाली येते का?
३. पहिल्या पायरीवर पाय न शोधता पडतो का?
४. वर आल्यावर धरायला काही आहे का?
५. गटातल्या सर्वांत कमी ताकदीच्या व्यक्तीला हे जमतं का?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चाचणी नेहमी गटातला पट्टीचा पोहणाराच करतो आणि निकाल सगळ्यांना लावला जातो. नमुना निवडताना होणारी चूक म्हणतात ती हीच, आणि इथे तिची किंमत आकडेवारीत मोजली जात नाही. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर आधी शिडी दुरुस्त करून घ्या. नमुने पुढच्या भरतीलाही घेता येतात.