पेपर वाचताना (लेखांक ७) : गाणं शेवटच्या ओळीत

गेल्या आठवड्यात जिल्हा पान कसं लागतं ते पाहिलं. आज त्याच पानावरची एक बातमी घेऊ.

मागच्या गणेशोत्सवात आमच्या ढाणकीत शास्त्रीय गायनाची मैफल झाली. बातमी दुसऱ्याच दिवशी आली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार. मोजली तर चौदा नावं. फोटो दीपप्रज्वलनाचा. गायिकेने 'श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले'. राग कोणता, साथीला कोण, काही नाही. मध्येच तबला उतरला, तो मिळवेपर्यंत बाई नुसता षड्ज लावून बसल्या आणि मंडपातली पोरंटोरंसुद्धा गप्प झाली, ते तर नाहीच.

कसं असणार? ढाणकीला डाक आवृत्ती येते. तिचं पान लवकर लागतं आणि मैफल सुरू झाली रात्री साडेनऊला. म्हणजे 'मंत्रमुग्ध' हे गाण्याआधीच लिहून गेलेलं! वार्ताहर दिवा लागला की फोटो काढतो, बाकीचा मजकूर मंडळाच्या पत्रकातून उचलतो. त्यात जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. नावं वर, गाणं खाली.

रेडिओवरच्या गाण्याला तर दिवा नाही, व्यासपीठ नाही, आभार मानायला कुणी नाही. त्याची बातमी व्हायची कशी? एकेकाळी पेपरात त्याच्या वाट्याला आकाशवाणीच्या कार्यक्रमांचा चौकोन तेवढा यायचा. मला विचाराल तर वृत्तांतापेक्षा तोच कामाचा. आमच्याकडे मात्र एक गंमत होती. जिल्हा यवतमाळ, त्यामुळे पेपर चौकोन छापायचा नागपूर केंद्राचा. आणि पैनगंगेच्या काठावर घरात लागायचं परभणी. चौकोनातली एकच ओळ आमच्या उपयोगाची: शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम. तो सगळीच केंद्रं सहक्षेपित करायची. वडील त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून पेपर रेडिओखाली दाबून ठेवत.

हा कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना. आज केसकरांचं नाव पेपरात आलंच तर सिनेगीतांना कात्री लावणारे मंत्री म्हणून. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, मग १९५७ मध्ये विविध भारती आली, ही गोष्ट सांगायला सोपी आणि चटकदार. (पेटीवरची बंदीही लोक त्यांच्याच नावावर टाकतात, ती खरं तर १९४०ची, त्यांच्या आधीची.) गावोगावच्या घरांत दर शनिवारी मोठ्या कलावंताचं गाणं पोचत होतं, यात भांडण नव्हतं. मग बातमी कुठली?

पेपरांना गाण्यावर लिहिता येत नाही असं नाही. आपल्या अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे १९३०च्या दशकात 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहीत. स्वतः गाणारे, पुढे प्रभातच्या 'कुंकू'ला संगीत देणारे. त्यांना आवाज, लय, रागाची मांडणी यांवर बोलायचं होतं. व्यासपीठावर कोण बसलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आता तो चौकोन गेला. २६ जानेवारी २०१६ला आकाशवाणीने 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. ती मोबाइलवर ऐकू येते, वडिलांना मीच लावून देतो. पण रात्री कुणाचं गाणं आहे हे माझ्या पेपरात कुठेच सापडत नाही, आणि वडील अजून रोज त्यातच शोधतात.

यंदा मैफलीच्या दुपारी मी आमच्या वार्ताहराला गाठलं. म्हटलं, "बापू, गवयाले राग आत्ताच विचारून घे, अन् पह्यल्याच ओळीत टाक."

त्याने बिचाऱ्याने विचारला, लिहिला, पाठवला. पहिल्याच ओळीत छापूनही आला: राग मारुती बिहाग.

(पुढच्या आठवड्यात : निधनवार्ता)