हळदीचा पिवळेपणा आणि प्रकाशाची परीक्षा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना हळकुंड मोडून आतला रंग पाहिला जातो. इथे रंगावर भाव ठरतो. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या साठवल्या गेलेल्या या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिथे रंगाला किंमत आहे, तिथे रंग चढवण्याचा मोहही असतोच. तो पकडण्यासाठी आता प्रतिदीप्तीवर चालणारे, म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडणारे रासायनिक सेन्सर तयार होत आहेत. त्यांच्याविषयी आणि एकूणच खाद्यरंगांविषयी काही समज घट्ट रुजले आहेत. ते एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : हळद जितकी पिवळीधमक, तितकी अस्सल.

वस्तुस्थिती : हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन सुक्या हळदीत काही टक्केच असते. वाण, जमीन आणि साठवण यांनुसार ते कमीजास्त होते. त्यामुळे फिकट हळदही पूर्णपणे प्रामाणिक असू शकते. उलट, पॉलिश करताना फिकट हळकुंडांवर बाहेरून रंग चढवता येतो. त्यातला सर्वांत घातक रंग म्हणजे लेड क्रोमेट. त्यात शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. जनजागृती आणि कडक कारवाई यांमुळे २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. म्हणजे ठरवले तर ही भेसळ थांबवता येते. भारतीय नियमांनुसार हळदीत बाहेरचा कोणताही रंग चालत नाही.

गैरसमज २ : कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल झाला, म्हणजे हळदीत रंग मिसळला आहे.

वस्तुस्थिती : हा कर्क्युमिनचा स्वभावच आहे. अल्कधर्मी पदार्थ लागला की ते लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून डाग लाल होतो. त्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची चाचणी वेगळी आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर गुलाबी-जांभळी छटा आली आणि पाणी घातल्यावरही ती टिकून राहिली, तर या रंगाचा संशय घ्यावा. शुद्ध हळदीचा लालसरपणा पाणी घातल्यावर निघून जातो. आम्ल धोकादायक असल्याने ही चाचणी घरी करू नये.

गैरसमज ३ : ग्लासभर पाण्यात हळद टाकली की सगळे कळते.

वस्तुस्थिती : पाण्यात विरघळणारा रंग असेल, तर पाणी झटकन गडद पिवळे होते आणि संशयाला जागा मिळते. तेवढ्यापुरती ही चाचणी उपयोगी आहे. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, ते हळदीच्या पुडीबरोबर तळाशी बसते. पाणी स्वच्छ दिसले म्हणून शिसे नाही, असे म्हणता येत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र किंवा प्रयोगशाळेतली धातूंची चाचणी लागते.

गैरसमज ४ : अतिनील टॉर्चखाली चमकले, म्हणजे रसायन मिसळले आहे.

वस्तुस्थिती : इथे बरोबर उलटे घडू शकते. अस्सल हळद अल्कोहोलमध्ये कालवून अतिनील प्रकाशात धरली, तर तीच हिरवट-पिवळी चमकते, कारण कर्क्युमिन नैसर्गिकरीत्या प्रतिदीप्त आहे. याउलट टारट्राझिनसारखे अनेक पिवळे कृत्रिम रंग जवळजवळ चमकतच नाहीत. र्‍होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग मात्र प्रखर चमकतो. सांगलीला लागून असलेल्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर आणि रंगीत कॉटन कँडीवर बंदी आणली, त्यामागे हाही रंग होता. थोडक्यात, नुसत्या चमकण्यावरून चांगले-वाईट ठरत नाही. कोणता पदार्थ कोणत्या तरंगलांबीला चमकतो, हे पाहावे लागते.

गैरसमज ५ : सेन्सर कोणताही रंग दिसताच उजळतो.

वस्तुस्थिती : बहुतेक सेन्सर उजळत नाहीत, मंदावतात. यासाठी कार्बन डॉट नावाचे, दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान कण अनेकदा वापरले जातात. अतिनील प्रकाशात ते निळे चमकतात. टारट्राझिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या पट्ट्यातला प्रकाश शोषून घेते. ते द्रावणात आले की कणांचा प्रकाश अडतो आणि चमक कमी होते. ती किती कमी झाली, यावरून रंगाचे प्रमाण काढता येते. सरबत किंवा गोळ्यांसारख्या पदार्थांत ही पद्धत झटपट आणि स्वस्त ठरते.

हळदीत मात्र ती अडखळते. कर्क्युमिनही जवळपास त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषते आणि वर स्वतःही चमकते. त्यामुळे चमक टारट्राझिनमुळे घटली की हळदीमुळेच, हे सेन्सरला सहज कळत नाही. घटक आधी वेगळे करावे लागतात. म्हणून सांगलीच्या हळदीसाठी तयार होणारा सेन्सर सांगलीच्याच हळदीवर पारखून घेतला पाहिजे. शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या रंगावर तो चालला, एवढे पुरेसे नाही.

गैरसमज ६ : कृत्रिम रंग म्हणजे भेसळच.

वस्तुस्थिती : भारतात टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्ल्यू यांसारखे आठ कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत चालतात. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. वेष्टनावर त्यांचा उल्लेख असावा लागतो. टारट्राझिनचा क्रमांक १०२, सनसेट यलोचा ११०. आइस्क्रीममध्ये चालणारा रंग हळदीत मिसळला तर मात्र तो गुन्हा ठरतो. प्रत्येक गडद रंगामागेही रसायन नसते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तपकिरीपणा खवा खरपूस भाजल्यामुळे येतो. गुळाचे उलट आहे. कराड परिसरातल्या बाजारात पिवळसर-पांढऱ्या गुळाला मागणी असते. तो तसा दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस वापरतात. हायड्रॉस हा रंग नाही, रंग घालवणारे रसायन आहे. रंग शोधणाऱ्या सेन्सरला ते दिसणारच नाही.

गैरसमज ७ : सेन्सरने दाखवले, म्हणजे भेसळ सिद्ध झाली.

वस्तुस्थिती : सेन्सर चाळणीचे काम करतो. शंभर नमुन्यांतले संशयित नमुने तो बाजूला काढतो, निवाडा मात्र प्रयोगशाळा करते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अधिकारी घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून विकत घेतलेल्या वस्तूची तपासणी करून घेता येते. तसा आपला इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. दोष सिद्ध झाला तर भरलेले शुल्क परत मिळते. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे आणि त्याहून थोडे जण तो वापरतात.

हळदीवर चढवलेल्या रंगाने सर्वांत आधी नुकसान होते ते रंग न लावणाऱ्या शेतकऱ्याचे, कारण त्याचा फिकट पण खरा माल मागे पडतो. सेन्सर अधिकाऱ्यांच्या हाती जरूर यावेत, लवकर यावेत. पण रंगाला मागणी आपल्याकडूनच जाते. हळकुंड घेऊन दळून आणणारे, फिकट हळदीला नाक न मुरडणारे आणि शंका आली तर रीतसर तपासणी मागणारे ग्राहक वाढले, तर रंग चढवण्यात कोणाला फायदाच उरणार नाही.