९८ कशाचे?

अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर ९८ हा आकडा एकाच वेळी तीन ठिकाणी दिसू शकतो: रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, नाडीचे मिनिटाला पडणारे ठोके आणि फॅरनहाइटमधले तापमान. परिचारिकेचा गोंधळ होत नाही. आकड्याचा रंग आणि जागा तिच्या नजरेत बसलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या संगणकप्रणालीकडे मात्र नुसता आकडा पोचला, तर त्याचा काहीच उपयोग नाही. देखरेखीच्या प्रणाली एकमेकींना जोडताना तारेचा किंवा वायफायचा प्रश्न लवकर सुटतो. अवघड असते ते आकड्याचा अर्थ शाबूत पोचवणे.

आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी २०११ पासून घडत आलेल्या ‘फायर’ या मानकात मोजमाप कशाचे, कोणाचे, केव्हाचे आणि कोणत्या एककातले, हे सारे आकड्यासोबत जाते. ‘कशाचे’ हे सांगायला ‘लॉइंक’ या सूचीतले क्रमांक वापरतात: हृदयाच्या ठोक्यांचा ८८६७-४, तापमानाचा ८३१०-५. ही सूची इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत १९९४ साली क्लेम मॅक्डोनल्ड यांच्या पुढाकाराने सुरू झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गाजावाजात या चिकाटीच्या कामाला श्रेय मिळत नाही, हा मोठा अन्याय आहे. असे समान संकेत नसतील तर दोन रुग्णालयांतल्या नोंदी एकत्र वाचणेच दुरापास्त.

‘फायर’मधला एक नियम तर फारच सुज्ञ आहे. बोटावरचा सेन्सर निसटला आणि मोजमाप मिळाले नाही, तर तिथे शून्य लिहायचे नाही. आकडा का नाही, त्याचे कारण नोंदवायचे.

यंत्रे एकमेकांशी बोलत नसली की काय घडते, याची एक नोंद भूलशास्त्रात प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत एक्स-रे घेताना छाती स्थिर राहावी म्हणून भूलतज्ज्ञाने व्हेंटिलेटर थांबवला. फिल्म टेबलाखाली अडकली. ती सोडवण्याच्या धांदलीत व्हेंटिलेटर पुन्हा सुरू करायचा राहिला आणि रुग्ण दगावला. एक्स-रे यंत्राला श्वासाची लय कळली असती, तर दोन श्वासांमधल्या क्षणी चित्र घेता आले असते. बॉस्टनचे भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन यांनी २००४ साली ‘प्लग अँड प्ले’ वैद्यकीय उपकरणांचा कार्यक्रम सुरू केला, तो अशाच दुर्घटना टाळण्यासाठी. वेदनाशामक औषध देणारा पंप ऑक्सिजन घसरताच आपोआप थांबावा, हे त्यांचे दुसरे आवडते उदाहरण.

भारतात २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ‘फायर’ स्वीकारले आहे. पण तिथली देवाणघेवाण डिस्चार्ज समरी, तपासणी अहवाल अशा नोंदींची. पंप आणि मॉनिटर यांच्या थेट संवादासाठी ‘आयईईई ११०७३’ या मालिकेतली मानके आहेत. ती यंत्रांत उतरावीत यासाठी सर्वांत परिणामकारक साधन खरेदीदाराच्या हाती आहे: खरेदीचा करार. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयासह जॉन्स हॉपकिन्स आणि कायझर पर्मनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थांनी २००८ सालीच, यंत्रांनी एकमेकांशी बोलावे अशा अटींचा करारात घालण्याजोगा मसुदा तयार करून सर्वांना खुला केला.