गाठ आणि तपासणी : एका भुसार व्यापाऱ्याचे निवेदन

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे भुसार मालाच्या बाजारपेठेवर लेख मागितला होता. सत्तरी तालुक्यातील उकड्या तांदळाचा खप, घाटावरून उतरणारा माल, गोदामातील तूट या विषयांवर आम्हांस बरेच सांगता येईल, आणि निम्मा लेख लिहूनही झाला होता. तो बाजूस ठेवून आज ज्या विषयावर लिहीत आहोत तो आमच्या व्यवसायाचा नव्हे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध आला तो रोग्याचा नातलग म्हणून, आणि तोही दोनदा. पहिल्या वेळी उशीर झाला. दुसऱ्या वेळी झाला नाही. विषय स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाचा आहे. व्यापारी संघाच्या स्मरणिकेत तो शोभेल काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस केला. आमच्या घरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला असता तर बरे झाले असते, एवढेच उत्तर आम्ही त्यांस दिले.

१९९६ सालच्या श्रावणात आमच्या थोरल्या वहिनींच्या हाताला उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागली. वय बेचाळीस. गाठ दुखत नव्हती, म्हणून त्या बोलल्या नाहीत. पुढे पर्युषण आले, मग दिवाळीचे वहीपूजन, मग त्यांच्याच कन्येचे लग्न ठरले. घरातील एकाच व्यक्तीस त्यांनी हे सांगितले, ती म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आणि सांगताना शपथ घातली, "लग्न होऊ दे, मग बघू. आत्ता कळले तर मुलीची सोयरीक मोडेल." मधल्या काळात एका डॉक्टरांस ओझरते दाखविले, त्यांनी साधी गाठ म्हणून लेप दिला. लग्नाच्या धामधुमीत आम्ही दोघे बंधू तांदळाची पोती मोजत होतो आणि वाढपाची व्यवस्था पाहत होतो. वैशाखात मांडव उतरला तेव्हा काखेतही गाठ आली होती, आणि स्तनावरील त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती.

कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण झाली नव्हती. म्हापशाहून रात्रीच्या बसने आम्ही मुंबईस गेलो. परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव ऐकले नाही असा वाचक विरळा. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली ते उभारले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आमची सोय झाली. तेथे देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेली अशीच कुटुंबे होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गाठ प्रथम केव्हा कळली?" वहिनी खाली पाहू लागल्या. बंधूंनी आमच्याकडे पाहिले. आम्हांस तर काहीच ठाऊक नव्हते, आणि हे ठाऊक नसणे हाच आमचा दोष होता.

संपूर्ण स्तन व काखेतील ग्रंथी काढाव्या लागल्या. औषधांचे क्रम झाले, केस गेले, उजवा हात सुजून जड झाला तो अखेरपर्यंत तसाच राहिला. १९९९ च्या माघात वहिनी गेल्या. बाहेर आम्ही पोटाचा विकार म्हणून सांगितले. या खोट्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

आता थोडे आकड्यांविषयी, कारण आकड्यांवाचून व्यापाऱ्यांचे समाधान होत नाही. २०२२ साली जगात सुमारे २३ लाख स्त्रियांस हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांचा अंदाज सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यूंचा ९८ हजारांच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे संपन्न देशांत रोगनिदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक आहे, आपल्याकडे ते शेकडा ६६ आहे. या तफावतीची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील मोठे कारण म्हणजे आपल्या भगिनी उशिरा दाखवितात. शिवाय पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा रोग सुमारे दहा वर्षे आधी, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. पुरुषांसही तो क्वचित होतो, शेकडा एकाच्या आतबाहेर. तेव्हा छातीवर गाठ आलेल्या बंधूंनीही हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी वेळ २०२२ ची. त्याच्या आदल्या वर्षी गोवा शासनाने यूवुईकॅन व स्टेट बँक फाउंडेशन या संस्थांच्या सहकार्याने 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' नावाची मोहीम आरंभिली होती. यांतील पहिली संस्था क्रिकेटपटू युवराज सिंग यांची. आरोग्य केंद्रांतून एक लाख स्त्रियांची तपासणी करावी असा तिचा संकल्प होता. तपासणीचे यंत्र मुठीत मावणारे आहे. ते स्तनावर टेकवीत नेले असता कठीण भाग कोठे आहे ते पडद्यावर लाल रंगाने उमटते. त्यात क्ष-किरण नाहीत आणि वेदनाही नाही. आमच्या सूनबाई वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात स्वतः तपासून आल्या आणि सासूबाईंस म्हणाल्या, "आई, उद्या तुम्ही चला." सौभाग्यवतींनी पापड लाटायचे आहेत म्हणून सांगितले. सूनबाईंनी लाटणे उचलून ठेवले.

यंत्राने डाव्या बाजूस एक ठिकाण दाखविले. ते हाताला लागतही नव्हते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, की असे यंत्र किंवा परिचारिकेचा हात फक्त संशय सांगतो. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, आणि सोनोग्राफी झाली. तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत सोनोग्राफीवर अधिक भर देतात. नंतर जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. सुई टोचल्याने रोग पसरतो हा समज आमच्या नात्यात अजून दृढ आहे, आणि सौभाग्यवतीही त्यामुळे दोन दिवस अडून बसल्या होत्या. आम्ही त्यांस विचारले, "पोत्यात नळी खुपसून नमुना काढल्याखेरीज आपण कधी माल घेतला आहे काय? आणि नमुना काढल्याने पोते कधी किडले आहे काय?" डॉक्टरांनीही हेच, अर्थात अधिक शास्त्रीय भाषेत, सांगितले. नमुन्यावाचून उपचार ठरत नाहीत.

नमुन्यातून केवळ कर्करोग आहे की नाही एवढेच कळत नाही, त्याची जात कळते. आणि वहिनींच्या काळापेक्षा आज सर्वांत मोठा फरक पडला आहे तो येथे. काही गाठी स्त्रीशरीरातील संप्रेरकांवर पोसतात. त्यांस ते पोषण तोडणाऱ्या गोळ्या किमान पाच वर्षे देतात. टॅमॉक्सिफेन ही त्यांपैकी जुनी व स्वस्त गोळी. पाळी गेलेल्या स्त्रियांस बहुधा लेट्रोझोलसारखी गोळी देतात. काही गाठींवर 'हर-टू' नावाचे प्रथिन अतिरिक्त असते. त्यांवर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ पासून उपलब्ध आहे. प्रारंभी ते आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होते, पुढे भारतीय कंपन्यांनी त्याची आवृत्ती काढल्यावर किंमत उतरली. त्याच्या जोडीला दुसरे औषध घालून दिले जाणारे महागडे इंजेक्शन गोवा शासनाने २०२४ साली मोफत देण्यास आरंभ केला. या दोन्हींत न बसणाऱ्या गाठींस मुख्यतः किमोथेरपी लागते, आणि त्या अधिक आक्रमक असतात.

शस्त्रक्रियेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्त्रियांच्या मौनाच्या मुळाशी बहुधा हीच भीती असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॅल्स्टेड या शल्यविशारदाने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची रीत पाडली आणि ती अनेक दशके वेदवाक्य मानली गेली. पुढे अमेरिकेत फिशर यांनी व इटलीत व्हेरोनेसी यांनी स्त्रियांचे दोन गट करून एकाचा संपूर्ण स्तन काढला, दुसऱ्याची केवळ गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांनंतरचे त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत जगणाऱ्यांचे प्रमाण सारखेच निघाले. तेव्हा गाठ लहान असताना रुग्ण आली तर स्तन राखता येतो, आणि त्याने आयुष्य उणे होत नाही. गाठ मोठी असल्यास आधी औषधांनी लहान करून मग शस्त्रक्रिया करण्याचाही मार्ग आहे. काखेतील सर्व ग्रंथी सरसकट काढण्याऐवजी रोग प्रथम जेथे पोहोचेल तेवढ्याच दोन-चार तपासून पाहतात; त्यामुळे वहिनींच्या हातासारखे हात आता पुष्कळ कमी दिसतात.

आमच्या घरी डॉक्टरांनी दोन्ही पर्याय मांडले आणि उत्तरासाठी आमच्याकडे पाहिले. आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचे मत सर्वांसमक्ष विचारण्याचा हा आमचा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी स्तन राखण्याचा पर्याय घेतला. किरणोपचारासाठी बेळगावास जाणे सोयीचे ठरले, आणि ज्या अडत्याकडून आम्ही तीस वर्षे ज्वारी घेतो त्याच्या घरी तीन आठवडे मुक्काम केला. आठवड्यातून पाच दिवस, दर खेपेस काही मिनिटांचे काम. पूर्वी हाच क्रम पाच-सहा आठवड्यांचा असे. आता गोळ्या चालू आहेत; गुडघे धरतात अशी तक्रार असते, आणि हाडे विरळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम घ्यावे लागते.

हे सारे खर्चाचे काम आहे, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. तथापि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली गोव्यातील तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षास अडीच लाखांचे व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाखांचे संरक्षण आहे. आपण सधन म्हणून या कार्डाकडे दुर्लक्ष करणारे सभासद आम्हांस ठाऊक आहेत. दुकानातील हमाल व नोकर यांच्या घरी ते कार्ड आहे की नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

आम्हांस विशेष अभिमान वाटला तो परळच्याच दोन संशोधनांचा. पहिले १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केवळ हाताने स्तनतपासणी झाली, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्या कामाचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. आमच्याइतक्याच शिकलेल्या! वीस वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० ने घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंची घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. केंद्र शासनाच्या कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी अशी हाताची तपासणी सांगितलेली आहे. दुसरे संशोधन डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांचे, २०२३ सालचे. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करण्यास वापरतात तेच औषध शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती टोचले. १६०० स्त्रियांच्या या प्रयोगात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा ८६.४ वरून ९०.१ वर गेले. या औषधाचा खर्च एका जेवणाहून अधिक नाही.

आता त्या खोट्याकडे. २०२२ साली बांबोळीस डॉक्टरांनी घरात आणखी कोणास हा रोग झाला होता काय असे विचारले. आम्ही वहिनींचे नाव सांगितले. त्या जावा असल्याने सौभाग्यवतींच्या बाबतीत त्याचा काही संबंध नाही, असे ते म्हणाले, परंतु लगेच विचारले, "त्यांना मुली आहेत काय?" बेचाळिसाव्या वर्षी रोग झालेल्या स्त्रीच्या मुलींनी तपासण्या इतरांहून लवकर आणि नियमाने केल्या पाहिजेत. शेकडा पाच ते दहा रुग्णांत हा दोष वंशातून आलेला असतो, तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि रक्ताच्या चाचणीने ओळखता येतो. आमची पुतणी डिचोलीस दिली आहे. जिच्या लग्नासाठी वहिनींनी नऊ महिने गाठ लपविली, तीच ही मुलगी. तिच्या सासरी आम्ही पोटाचा विकार सांगितला होता आणि पंचवीस वर्षे तेच खरे मानले गेले. तिला स्वतःलाही अर्धवटच ठाऊक होते.

डिचोलीस जाऊन ते सांगण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. गेल्या अक्षय्यतृतीयेस व्याह्यांसमोर बसून सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हाच सांगितले असते तर आम्ही लग्न मोडले असते असे तुम्हांस वाटले काय?" आम्हांस तेव्हा तसेच वाटले होते, हे त्यांस सांगणे भाग पडले. विहीणबाई आत गेल्या, आणि पुतणीच्या हाती पिशवी देऊन म्हणाल्या, "उद्याच जा, मी मुलांचे पाहते."

पुतणीची पहिली मॅमोग्राफी निर्दोष आली. आता ती दर वर्षी व्हावयाची आहे, आणि रक्ताच्या चाचणीचा विचार चालू आहे. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तिला वाचून दाखविला. तिने एकच दुरुस्ती सुचविली. आईच्या हाताची सूज आम्ही आधी एका वाक्यात उरकली होती, ती नीट लिहा, असे ती म्हणाली. त्याप्रमाणे लिहिली आहे.