कोयनेल: रक्तात किती, कामाचं किती?

सिंदेवाहीहून एका वाचकाने विचारलं आहे: हिवताप डोक्यात गेला की कोयनेलचे मोठे डोस देत आणि माणूस वाचत असे, मग तेच औषध निरोगी माणसाने जास्त घेतलं तर डोळे कसे जातात?

प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. लिटरभर रक्तद्रवात १५ मिलिग्रॅम कोयनेल असलं, तर गोळ्या जास्त खाल्लेल्या माणसाची दृष्टी जाऊ शकते. गंभीर हिवतापाचा रुग्ण मात्र तेवढं सहसा सोसतो.

कोयनेल रक्तात बहुतांश प्रथिनांना, त्यातही अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीनला, चिकटून फिरतं. परजीवीला मारतं ते मोकळं औषध. कान वाजतात, डोळ्याला इजा होते तीही मोकळ्यामुळेच. ढोलीतलं धान मोजून आज चुलीवर किती भात चढला हे सांगता येत नाही, तसंच रक्तातल्या एकूण कोयनेलचं. तापात यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. निरोगी माणसात साधारण ८० टक्के कोयनेल चिकटलेलं असेल, तर गंभीर हिवतापात ९० टक्के. म्हणजे मोकळं २० वरून १० टक्क्यांवर, थेट निम्मं!

हे बंधन थायलंडमधल्या रुग्णांच्या रक्तात मोजून १९८५ साली मांडलं गेलं. हिवतापाच्या संशोधनात निकोलस व्हाइट आणि डेव्हिड वॉरेल ही नावं सगळ्यांना ठाऊक. पण त्या निबंधावर पहिलं नाव कमोलरत सिलामुट यांचं आहे, आणि ते आवर्जून घ्यायला हवं. अशी मोजणी चिकाटीची असते. पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्तद्रव, दुसऱ्या बाजूला क्षारद्रावण. मोकळं औषध पलीकडे झिरपतं, प्रथिनं अलीकडेच राहतात.

मोकळंच औषध बाधतं हे खरं, पण म्हणून ‘एक औषध दुसऱ्याला प्रथिनावरून ढकलतं आणि विषबाधा होते’ ही भीती मात्र फुगवलेली आहे. सुटलेलं औषध यकृत आणि मूत्रपिंडं बहुधा लगेच निकाली काढतात. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन आणि वेदनाशामक फेनिलब्युटाझोन यांचा गाजलेला दाखलाही मुख्यतः वॉरफरिनचं यकृतातलं विघटन अडल्याचा निघाला.

गंभीर हिवतापात आता पहिली पसंती आर्टेसुनेटच्या इंजेक्शनला आहे. २००५ च्या आशियाई चाचणीत कोयनेल घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५. तरी कोयनेल अजून कपाटाबाहेर गेलेलं नाही. ते चालू असताना कान वाजू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा; मनाने डोस कमी करू नका आणि गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.