प्रॉडक्ट मॅनेजर: अनुभव वाढतो तसं काम कसं बदलतं?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त चॅटमध्ये फॉरवर्ड करता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. ही मर्यादा भारतात जुलै २०१८ मध्ये आली. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं होतं. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या.

ॲपमध्ये काय बनवायचं आणि का, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं रोजचं काम त्यांच्यासोबतच चालतं. समजा, असं मर्यादा घालायचं काम एखाद्या कंपनीत आलं, तर कोण काय बघेल?

नवीन असताना: काम चोख करणं

सहावं चॅट निवडलं की स्क्रीनवर काय दिसणार? ती सूचना मराठीत नीट कळते का? ग्रुप म्हणजे एकच चॅट धरायचं का? ॲपचं जुनं व्हर्जन असेल तर काय? हे सगळं आधीच लिहून ठेवलं नाही, तर आम्ही इंजिनिअर अडकतो. इथे बारकाईने बघणं आणि स्पष्ट लिहिणं हेच मुख्य कौशल्य.

काही वर्षांनी: प्रश्न नीट ओळखणं

आता कोणी तयार काम हातात देत नाही. मर्यादा पाचची ठेवायची की वीसची? लोक कॉपी-पेस्ट करून पळवाट काढतील का? 'तातडीने रक्त हवंय' असा गरजेचा मेसेजही अडेल का? इथे आकडे वाचावे लागतात, वापरणाऱ्यांशी बोलावं लागतं आणि टीमला पटवावं लागतं.

सीनियर झाल्यावर: काय सोडायचं ते ठरवणं

व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मजकूर तपासून अफवा अडवायची, तर हे कुलूपच तोडावं लागलं असतं. म्हणून मजकुराला हात न लावता पसरण्याचा वेग कमी करणं हा मार्ग उरतो. पण त्याने ॲपचा वापर घटतो, आणि एरवी तर वापर वाढला की ॲप यशस्वी मानतात! हा तोटा पत्करायचा का, हे बटणाच्या डिझाइनवरून ठरत नाही. त्यासाठी वरिष्ठांना, कायदा बघणाऱ्यांना आणि धंदा बघणाऱ्यांना एकत्र आणावं लागतं.

शिवाय परिणाम हळूहळू दिसतो. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं गेलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं.

पण वर गेलं म्हणून खालचं कौशल्य विसरून चालत नाही. सूचना कळलीच नाही, तर लोकांना वाटेल ॲपच बिघडलंय.

या क्षेत्रात यायचं असेल, तर पुढच्या वेळी एखादं ॲप तुम्हाला अडवेल तेव्हा नुसतं वैतागू नका. हे कसं बनवलं, कशासाठी बनवलं आणि त्यासाठी कंपनीने काय सोडलं, या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. तिसऱ्याचं उत्तर शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.